फोड आणि पेटी

मे महिन्यात रत्नागिरीला मामाकडे गेले होते. मामेभावाचा आंब्याचा धंदा. रात्री तो आढी लावत होता आणि मी शेजारी बसून तणतणत होते. एका कंपनीनं काम देण्याआधी आठशे शब्दांचं 'टेस्ट भाषांतर' मागितलं होतं. अर्थातच फुकट.

दादा म्हणाला, "मग दे की! आम्ही नाही गिऱ्हाईकाला फोड कापून देत? चव कळल्याशिवाय पेटी कोण उचलेल?"

मामी हसली. मला त्या रात्री उत्तर सुचलं नाही. (वादात मला उत्तरं नेहमी परतीच्या गाडीत सुचतात.) तर दादा, हे घे उत्तर.

तुझं निम्मं बरोबर आहे. गिऱ्हाईकाची भीती खरी असते. पैसे मोजल्यावर माल कच्चा निघाला तर? पण फोड कोणत्या आंब्याची आणि केवढी, हे तू ठरवतोस. ती खाणारा ती पुढे विकू शकत नाही. आठशे शब्द म्हणजे फोड नव्हे, ती अर्धी पेटी झाली!

हे मी अनुभवानं सांगतेय. २०१९ मध्ये एका संस्थेनं असाच नमुना करून घेतला. आरोग्याची पुस्तिका होती. पुढे नाशिकच्या मैत्रिणीशी फोनवर बोलताना कळलं की तिलाही 'टेस्ट' आली होती. माझी पानं चार ते सहा, तिची सात ते नऊ. दोघींनाही "काम दुसऱ्यांना दिलं" असं उत्तर. काही महिन्यांनी एका दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघताना ती पुस्तिका हातात आली. त्यात माझी वाक्यं होती, स्वल्पविरामासकट.

कायदा आपल्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसानं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतःच असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. पण तीन पानांसाठी वकील कोण गाठणार? मी घोट गिळला आणि घरी आले.

आता स्वतःलाही बोल लावते. लोक आमच्याकडे फुकट नमुना मागतात, कारण आम्ही त्यांना दाखवतो काय? माझा जुना पोर्टफोलिओ चौदा पानांचा होता. पहिल्या पानावर फोटो, मग 'दर्जेदार व वेळेत सेवा', मग ग्राहकांच्या नावांची रांग. लग्नाच्या अल्बमसारखा. सगळे उभे दिसतात, पण संसार कसा चाललाय ते कळत नाही! भाषांतर करणाऱ्या बाईच्या चौदा पानांत भाषांतराची एक ओळ नव्हती. मग समोरचा 'टेस्ट' मागणारच.

म्हणून मी तो अल्बम टाकून दिला. आता फक्त पाच पानं आहेत. प्रत्येक पानावर डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझं मराठी आणि खाली चार ओळी, असं का केलं त्याच्या. उदाहरणार्थ, जुलाबावरच्या ओआरएसच्या पुडीवरच्या सूचना. 'द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे' असं सरळ लिहिता येतं. मी लिहिलं, 'आज केलेलं पाणी उद्या याच वेळेपर्यंत वापरा, उरलेलं फेकून द्या.' रात्री आजारी पोराजवळ बसलेली आई तास मोजत नाही, घड्याळाकडे बघते. पण 'एक लिटर' मात्र तसंच ठेवलं, 'पाच पेले' केलं नाही. पेले घरोघरी वेगळे असतात आणि इथे माप चुकलं तर पोराला अपाय होतो. या चार ओळींत माझं काम जेवढं दिसतं तेवढं चाळीस नावांच्या यादीत दिसत नव्हतं.

आणि आता तर याची गरज जास्तच. सफाईदार वाक्यं यंत्र क्षणात काढून देतं. 'पेले' का नकोत, याची जबाबदारी घेणारं माणूस लागतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्यासाठी.

"पण माझी सगळी कामं गोपनीय आहेत" किंवा "मी तर नवीनच आहे", असं काहीजण म्हणतील. तर मंडळी, नमुना गिऱ्हाईकाच्याच कामाचा हवा असं कुठे लिहिलंय? माझ्या पाचांपैकी तीन पानं कोणीच मागितली नव्हती, मी स्वतःसाठी केली. गोपनीय काम मुळीच दाखवू नका. ते दाखवलंत तर पुढचं गिऱ्हाईक ओळखेल की उद्या त्याचंही दाखवाल. फुकट करायचंच असेल तर गावच्या वाचनालयासाठी करा, दान म्हणून आणि त्यांना तसं सांगून. दान आणि लूट यात फरक असतो.

त्या कंपनीला मी पाच पानं पाठवली आणि कळवलं, "आणखी पाहायचं असेल तर आनंदानं करीन, नेहमीच्या दरानं." उत्तर आलं नाही. काम गेलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या महिन्यात पैसे हवे होते. पण पुढे दुसऱ्या एकांचा फोन आला. पहिला प्रश्न, "ते पेल्यांचं जरा सांगा ना." दराबद्दल घासाघीस झाली नाही.

आपण सगळ्यांनीच 'नाही' म्हटलं तर ही प्रथा मोडेल. एकटीनं म्हटलं तर फक्त काम जातं. म्हणून हे लिहिलं.

असो. दादा, पुढच्या मोसमात येतेच आहे. फोड नको, पेटीच घेईन. पैसे देऊन.