वाफेचे टर्बाइन आणि कार्यक्षमतेचा हिशेब

औष्णिक वीज महाग झाली की दोष कोळशाच्या दराला द्यावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. दराचा प्रश्न खोटा नाही. परंतु जाळलेल्या कोळशातून वीज किती निघते, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे. त्याचे उत्तर मुख्यतः वाफेच्या टर्बाइनपाशी सापडते.

चार्ल्स पार्सन्स या इंग्रज अभियंत्याने १८८४ साली हे यंत्र व्यवहारात आणले. त्याचे तत्त्व सोपे आहे. बॉयलरमधील उच्च दाबाची तप्त वाफ पात्यांच्या एकामागून एक रांगांतून प्रसरण पावत जाते आणि आपली ऊर्जा दांड्याला देते. मोठ्या संचांत हा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो व जनित्र चालवितो. शेवटी ही वाफ संघनकात थंड पाण्याच्या नळ्यांवर निवते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा बॉयलरकडे जाते.

या संघनकातच इंधनाच्या उष्णतेचा जवळजवळ निम्मा भाग वाया जातो. हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. तो निसर्गाचा नियम आहे. वाफ ५४० अंश सेल्सिअसला आत आली व ४० अंशांना निवली, तर आदर्श यंत्रही ६१ टक्क्यांच्या आसपासच थांबेल. प्रत्यक्षात जुने संच ३३ ते ३८ टक्क्यांवर अडतात. वाफेचा दाब आणि तापमान वाढविणे हा त्यावरील एक मार्ग होय. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच पाण्याच्या क्रांतिक बिंदूपलीकडील, म्हणजे २२१ बारहून अधिक दाबावर चालणारे आहेत, ते याच कारणासाठी. कार्यक्षमता ३३ वरून ३८ टक्क्यांवर गेली, तर तेवढ्याच विजेला सुमारे १३ टक्के कोळसा कमी लागतो. पाच टक्क्यांचा हा फरक म्हणूनच क्षुल्लक नाही.

परंतु नवे यंत्र घेतले की काम संपले, ही समजूत भ्रामक आहे. संघनकाच्या नळ्यांत क्षार साचले, बाहेरील हवा आत शिरली किंवा थंड करणारे पाणीच तापलेले असले, की निर्वात घटतो आणि टर्बाइनचे उत्पादन उतरते. पात्यांवर सिलिकाचे थर बसतात. अखेरच्या रांगांतील ओलसर वाफेचे थेंब पात्यांच्या कडा झिजवितात. वेळच्या वेळी केलेली दुरुस्ती हाच यावर उपाय, आणि विजेची ओढाताण असली की पहिली पुढे ढकलली जाते ती नेमकी हीच.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शीतलन मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरहून अधिक पाणी वापरू नये, असा दंडक केंद्र सरकारने २०१५ साली घातला. त्याच वर्षी पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. दुष्काळी प्रदेशात टर्बाइन आणि तहान यांचे वैर असे उघडे पडते.

तिसरा प्रश्न नवा आहे. दुपारी सौरवीज मुबलक असते, तेव्हा औष्णिक संचांना भार उतरवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी ही किमान मर्यादा ५५ टक्क्यांवर आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. धोरण योग्यच आहे. पण अर्ध्या भारावर चालणारे टर्बाइन प्रत्येक युनिटमागे अधिक इंधन खाते, आणि वारंवारच्या चढउतारांनी त्याच्या जाड धातूच्या भागांवर ताण पडतो. या वाढीव खर्चाची भरपाई केंद्रीय वीज नियामक आयोगाने मान्य केली आहे. म्हणजे अखेर ती ग्राहकाच्या खिशातूनच जावयाची.

सौरवीज नको, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. साठवणुकीची सोय आणि दुरुस्तीची शिस्त यांना सौरप्रकल्पांइतकेच महत्त्व मिळावे, एवढाच याचा अर्थ. बिलावर 'इंधन समायोजन आकार' छापला जातो. त्याबरोबरच प्रत्येक संच एका युनिटमागे किती उष्णता खातो, हेही मराठीत आणि सुलभ स्वरूपात लोकांसमोर दर महिन्यास यावे. पैसे देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो, आणि हा हिशेब समजण्यास अभियंता असावे लागत नाही.