सरपण : ओल, तोल आणि मोल

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्याचे केस पांढरे झाले, त्याने जळाऊ लाकडावर लेखणी का चालवावी, असा प्रश्न काही सभासद बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर सरळ आहे. ज्या बाजारात आम्ही ज्वारी, भात आणि तूर विकतो, त्याच बाजारात चुरमुरे-फुटाण्यांची भट्टी, हलवायाचे दुकान, लग्नकार्याचा आचारी आणि खेड्यातील गृहिणी ही आमचीच गिऱ्हाइके सरपणही विकत घेत असतात. धान्याच्या पोत्यात किलोभर फरक पडला तर ती भांडतात, आणि आम्हीही भांडतो. सरपणात मात्र शेकडा चाळीस-पंचेचाळीस भाग पाणी पदरात घेऊन ती मुकाट्याने घरी जातात. ही गोष्ट व्यापाराला शोभणारी नाही, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

कोणी म्हणेल, आता घरोघर गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून चुलीचे दिवस संपले. शहरापुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु खानापूर, चंदगड किंवा सत्तरीकडील कोणत्याही गावी पहाटे जावे. स्वयंपाक गॅसवर होत असला, तरी आंघोळीचे पाणी चुलीवर किंवा बंबातच तापलेले दिसेल. गोव्यात काजूच्या हंगामात भट्ट्या पेटतात त्या लाकडावर. पाव भाजणाऱ्या जुन्या भट्ट्याही लाकडावर चालत आल्या. मुंबईतील अशा भट्ट्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे उच्च न्यायालयास २०२५ च्या जानेवारीत सांगावे लागले, यावरूनच त्यांचा पसारा ध्यानी यावा. आणि माणसाचा अखेरचा प्रवास अजून बहुतेक गावी लाकडावरच होतो. तेव्हा सरपणाचा भाव हा काही इतिहासजमा झालेला विषय नव्हे.

आता मूळ मुद्दा. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. तेच लाकूड फोडून, उन्हावाऱ्यात चार-सहा महिने ठेवले की पाणी शेकडा पंधरा-वीसवर येते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, मग ते बाभळीचे असो वा आंब्याचे. जातीजातींत फरक आहे तो मुख्यतः जडपणाचा. धावडा जड, आंबा हलका. म्हणून गाडीभर धावडा जास्त वेळ जळतो. परंतु किलोला किलो लावून पाहिले, तर उष्णतेत फारशी तफावत नाही. खरी तफावत ओलीची आहे.

व्यापाऱ्याला समजेल असा हिशेब मांडतो. शेकडा ४५ पाणी असलेले एक क्विंटल ओले लाकूड घ्या. त्यात कोरडे लाकूड ५५ किलो. त्याची उष्णता २,४७,५०० किलोकॅलरी. त्यातून ४५ किलो पाण्याची वाफ करण्यात, किलोमागे सुमारे ६०० प्रमाणे, २७,००० खर्ची पडली. उरली २,२०,५००. आता शेकडा १५ पाण्याचे सुके लाकूड घ्या. त्याच रीतीने उरतात ३,७३,५००. म्हणजे सुक्याचा भाव १०० धरला, तर ओल्याचा भाव ६० च्या वर जाता कामा नये. ओल्या लाकडाचा धूर, त्याने होणारी डोळ्यांची आणि छातीची हानी मी या हिशेबात धरलेलीच नाही. आणि बाजारात चित्र काय? पाट्यांवर बहुधा एकच भाव, ‘जळाऊ लाकूड, दर क्विंटल’. ओले की सुके, याचा उल्लेखही नाही.

आम्हा धान्यवाल्यांना असे चालले असते काय? भाताच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची कमाल मर्यादा शेकडा १७ आहे. सोयाबीनची १२ ची मर्यादा २०२४ च्या हंगामात १५ पर्यंत सैल करण्यापूर्वी केवढे रण माजले होते, ते आपण सर्वांनी पाहिले. ओलाव्याच्या नावाखाली कडता कापला म्हणून बाजारपेठांत भांडणे झाली आहेत. दोन-तीन टक्क्यांसाठी आपण यंत्र लावतो, नमुना काढतो, आवाज चढवतो. सरपणात तीस टक्क्यांचा फरक असूनही कोणी चकार शब्द काढीत नाही. याचे कारण एकच : धान्यात फसवणूक झाली तर ती व्यापाऱ्याची होते, सरपणात झाली तर ती बहुधा गरिबाची होते.

वखारवाल्या बंधूंची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, “सुकवायचे म्हणजे भांडवल अडकते, जागा अडकते, आणि वजनही घटते.” तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वरील ओले एक क्विंटल लाकूड शेकडा १५ ओलीपर्यंत सुकले की सुमारे ६५ किलोच भरते. पण हिशेब पुरा करावा. ६० रुपयांचे ओले लाकूड सुकून ६५ किलो झाले आणि १०० रुपये क्विंटलने विकले, तर हाती ६५ रुपये येतात. वरचे पाच रुपये व्याज व भाडे म्हणून अपुरे वाटत असतील, तर सुक्याचा भाव खुशाल थोडा चढवावा. ज्याला धूर नको, तो आनंदाने देईल. आक्षेप नफ्याला नाही. पाण्याला लाकडाचा भाव लावण्याला आहे.

फोडाईचेही असेच आहे. फोडणावळ ही केवळ हमाली नव्हे. अखंड ओंडक्याला साल घट्ट बसलेली असते आणि पाणी आत कोंडून राहते; फोडलेल्या ढलपीला चहूबाजूंनी वारा मिळतो. बहुतेक झाडांचे लाकूड ओले असतानाच सोपे फुटते. वाळल्यावर त्याच ओंडक्याला घण आणि पाचर लागतात, आणि गाठी असल्या तर तीही हात टेकतात. म्हणून दिवाळीनंतर तोडावे, लगेच फोडावे, जमिनीवर न टाकता दोन आडव्या लाकडांवर थप्पी रचावी, आणि मृग लागण्यापूर्वी छपराखाली घ्यावे, हा जुन्या माणसांचा क्रम शास्त्राला धरून होता. घेणाऱ्यानेही दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहावीत. सुके खणखणते, ओले धप्प वाजते.

आता प्रांतोप्रांतीच्या भावाकडे वळू. आमचे सभासद बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंत पसरलेले असल्याने एकमेकांच्या भावाचे त्यांना नवल वाटते. सह्याद्रीच्या कुशीत स्वस्त असलेले लाकूड अथणीकडे पोचेपर्यंत महाग होते, ते का? धान्य आणि लाकूड यांच्या वाहतुकीत मूलभूत भेद आहे. उदाहरणासाठी ज्वारी ३,००० रुपये क्विंटल आणि लाकूड ६०० रुपये क्विंटल धरा. दोहोंना ६० रुपये भाडे पडले, तर ज्वारीवर शेकडा दोनच चढले, लाकडावर शेकडा दहा. स्वस्त आणि अवजड मालाला अंतर मानवत नाही. म्हणून धान्याचा भाव शंभर कोसांवर साधारण सारखा राहतो आणि सरपणाचा दहा कोसांवर बदलतो. त्यातही लाकूड ओले असेल, तर शंभर रुपयांच्या भाड्यातील पंचेचाळीस रुपये आपण पाण्याच्या प्रवासाला देतो!

दुसरे कारण पर्यायाचे. कोरड्या मुलखात शेताच्या बांधावरची बाभूळ आणि रानोमाळ माजलेली वेडी बाभूळ आहे. कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाट्या, तुरीच्या पट्ट्यात तुराट्या, माळव्यात गोवऱ्या. गोव्यात नारळाची चुडते आणि काजूची छाटणी कामी येते. जेथे शेतातले जळण घरी येते, तेथे वखारीचा भाव नरम राहतो. घाटमाथ्यावर जंगल डोळ्यांसमोर असूनही आषाढ-श्रावणात भाव चढतो. कारण त्या दिवसांत सुके लाकूड नसतेच, आणि ज्याने वैशाखात साठविले, तोच भाव सांगतो.

तिसरे कारण कायद्याचे, आणि सीमाभागात ते विशेष जाणवते. महाराष्ट्राचा वृक्षतोडीसंबंधीचा कायदा १९६४ चा, कर्नाटकाचा वृक्षसंरक्षणाचा १९७६ चा, गोव्याचा १९८४ चा. कर्नाटकात सुरू, नीलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा झाडांना तोडीच्या परवानगीतून सूट आहे. पण सुटीच्या याद्या तिन्ही राज्यांत सारख्या नाहीत. वाहतुकीच्या पासाचे नियमही निराळे. एकाच डोंगराच्या तीन उतारांवरचे झाड तीन कायद्यांखाली येते. कायदे असावेत, यात दुमत नाही. जंगल राहिले तरच उद्या पाऊस आणि धान्य आहे. परंतु नियमांच्या या गुंत्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या किलोमागे बसतो, आणि डोक्यावर मोळी वाहून आणणाऱ्या बाईला त्यातले काही मिळत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट स्मशानाची. एका दहनाला साधारण तीन ते पाच क्विंटल लाकूड लागते. सुके असेल तर तीन क्विंटलात जे काम होते, त्याला ओले पाच क्विंटल लागते. शिवाय डिझेल-रॉकेलसाठी धावाधाव. त्या घडीला कोणता मुलगा काट्याकडे पाहील? कोण भाव करील? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या लाटेत अनेक शहरांत लाकूड अपुरे पडले आणि भाव भडकले. जेथे गिऱ्हाईक बोलू शकत नाही, तेथे व्यापाऱ्याची सचोटी दुप्पट हवी. आपले कित्येक सभासद स्मशान समित्यांवर आहेत. तेथे सुक्या लाकडाचा पावसाळ्यापुरता साठा आणि भावाचा ठळक फलक असणे ही त्यांची जबाबदारी आहे.

काही वडीलधारे म्हणतील, हा धंदाच आपला नव्हे. पंधरा कर्मादानांत वनकर्म आणि इंगालकर्म श्रावकाला वर्ज्य सांगितले आहे. मला ते मान्य आहे, आणि कोणी हा धंदा करावा असे मी सुचवीत नाही. परंतु आपण विकत नसलो तरी विकत घेतोच; भट्ट्यांसाठी, मंगलकार्यासाठी, अंत्यविधीसाठी. सुके घेतले तर त्याच कामाला कमी लाकूड लागते, म्हणजे कमी झाडे पडतात. फोडलेले, साल निघालेले, जमिनीपासून उचलून ठेवलेले लाकूड चुलीत घालण्यापूर्वी पाहून-झटकून घेता येते. आतला जीव वाचतो. आपल्या आया-आज्या हेच यत्नाचार म्हणून करीत. येथे व्यवहार आणि अहिंसा एकाच वाटेने जातात.

म्हणून संघापुढे तीन सूचना ठेवतो. एक, जे सभासद सरपण घाऊक घेतात, त्यांनी ‘ओले’ आणि ‘सुके’ असे दोन भाव मागावेत आणि लाकडाचे ओलावा-यंत्र एखाद्या बाजारपेठेत संघाने ठेवावे. त्याला फार खर्च नाही. दोन, प्रत्येक केंद्राने दरमहा आपल्या गावचा भाव, भाडे वेगळे दाखवून, संघाच्या पत्रकात द्यावा. म्हणजे कोणत्या गावी माल महाग आणि कोणत्या गावी केवळ रस्ता महाग, हे कळेल. तीन, स्मशानातील लाकडाचा तोल भरकाट्यावर, नातेवाइकांपैकी एकाच्या समक्ष व्हावा.

१९५६ च्या कायद्याने मण-शेर जाऊन किलो आले, तेव्हाही “गिऱ्हाइकाला कळणार नाही” अशी ओरड झाली होती. गिऱ्हाइकाला सर्व कळते. त्याला कोणी सांगावे लागते, इतकेच. तोल खरा असूनही माल खोटा असू शकतो. काटा बरोबर आहे एवढ्यावर समाधान न मानता, काट्यावर आपण काय ठेवतो, याचा सभासद बंधुभगिनींनी विचार करावा, ही नम्र विनंती.