रिकामा पाळणा आणि बाजारातले बाळ

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराच्या नगरसभेने मे २०२५ मध्ये एक विलक्षण विधेयक संमत केले. हुबेहूब नवजात अर्भकासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या घडविणाऱ्या कारागिरांच्या सन्मानार्थ वर्षातील एक दिवस राखून ठेवावा, असे ते विधेयक होते. महापौर एदुआर्दो पाएस यांनी पुढच्याच महिन्यात नकाराधिकार वापरून ते फेटाळले. त्याच सुमारास त्या देशातील अन्य लोकप्रतिनिधी नेमक्या उलट आशयाची विधेयके मांडीत होते. अशा बाहुल्यांसाठी सार्वजनिक रुग्णालयांत उपचार मागण्यास बंदी असावी, बाहुली कडेवर घेऊन रांगेत अग्रक्रम मागणाऱ्यास दंड व्हावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दारिद्र्य आणि विषमता यांनी ग्रासलेल्या देशाच्या विधिमंडळांनी बाहुल्यांवर खल करावा, हे वाचून अनेकांना हसू आले असेल. परंतु हसून सोडून द्यावा, इतका हा विषय हलका नाही.

या बाहुल्यांना इंग्रजीत ‘रिबॉर्न’ म्हणजे ‘पुनर्जन्म पावलेल्या’ असे नाव आहे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही हौशी कारागिरांनी कारखान्यात तयार झालेल्या बाहुल्यांचा रंग उतरवून त्या नव्याने रंगविण्यास प्रारंभ केला आणि पाहता पाहता त्याचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. व्हिनाइलच्या हातापायांवर रंगाचे पातळ थर एकावर एक चढवून ते भट्टीत पक्के केले जातात. त्वचेखालच्या निळसर शिरा आणि नखांची कड यांचाही त्यात विसर पडत नाही. मोहेर लोकरीचे केस सुईने एकेक करून रोवले जातात. कापडी धडात काचेचे बारीक मणी अशा बेताने भरले जातात की, मानेखाली हात धरला नाही तर डोके खऱ्या तान्ह्यासारखे मागे कलंडते. उत्तम कारागिराने केलेल्या बाहुलीला शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर पडतात. म्हणजे रुपयांत ही किंमत पंचवीस-तीस हजारांपासून लाखापलीकडे जाते. त्यांच्या स्वस्त नकला आता घरपोच विक्रीच्या मार्गाने भारतातही मिळू लागल्या आहेत.

हेटाळणी नको

या बाहुल्यांचा संग्रह करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांच्या वाट्याला येते ती मुख्यतः हेटाळणी. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, मनगटी घड्याळे किंवा मोटारींच्या प्रतिकृती जमविणाऱ्या पुरुषाला समाज ‘रसिक’ म्हणतो. चार बाहुल्या जमविणाऱ्या प्रौढ स्त्रीला मात्र तो ‘वेडी’ ठरवून मोकळा होतो. हा न्याय नव्हे. कोणी केवळ कारागिरीच्या प्रेमापोटी, कोणी लहानपणी न मिळालेल्या खेळण्याच्या ओढीने, तर कोणी रित्या घराच्या सोबतीसाठी ही बाहुली घेते. स्मृतिभ्रंश झालेल्या काही वृद्धांना बाहुली कुशीत दिली असता त्यांची अस्वस्थता कमी होते, असा अनुभव पाश्चात्त्य देशांतील शुश्रूषागृहांनी नोंदविला आहे. त्यामुळे वृद्धाच्या प्रतिष्ठेला बाध येतो काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण मिळालेला दिलासा कोणी नाकारीत नाही.

शिवाय निर्जीव मूर्तीवर अपत्यवत् माया करणे आपल्याला कधी परके होते? गोकुळाष्टमीला पाळण्यातल्या बाळकृष्णाला झोका देणारी, त्याला न्हाऊमाखू घालून अंगडे-टोपडे चढविणारी गृहिणी वेडी ठरत नाही. विदर्भातील घराघरांत भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या उभ्या राहतात, तेव्हा त्यांच्यासमवेत त्यांची बाळेही मांडली जातात. काही घरी त्यांना ‘पिलवंडे’ म्हणतात. त्यांनाही नवे कपडे लागतात, त्यांनाही नैवेद्याचा घास लागतो. भंडारा जिल्ह्यातील मुलगा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपला लाकडी नंदी सजवून दारोदार नेतो आणि बोजारा घेऊन परततो, तेव्हा त्या नंदीला तो लाकूड समजत नाही.

याच तान्ह्या पोळ्याकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. धानाच्या बांधीतली बैलजोडी जाऊन तिच्या जागी ट्रॅक्टर आला. लाकडी नंदी मात्र गेला नाही. त्याच्या सजावटीच्या स्पर्धा भरतात, बक्षिसे लागतात. प्रथा जुनीच आहे, यांत्रिकीकरणाने ती जन्माला घातलेली नाही. पण गोठा रिकामा होत जातो तशी दिवाणखान्यातल्या नंदीची किंमत वाढते, एवढे खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवण्यास लागणाऱ्या २.१ या पातळीच्या बराच खाली आढळला. कुटुंबे लहान झाली, मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परगावी गेली. अशा घरांत उद्या बाहुलीला मागणी आली तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

निरोपाचा दिवस

मग आपल्या परंपरेतील मूर्ती आणि बाजारातील हे बाळ यांत भेद तो काय? भेद आहे आणि तो मूलगामी आहे. महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. त्यांचे मुखवटे पेटीत बंद होतात आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागते. भाद्रपद पौर्णिमेला बसलेली भुलाबाई कोजागिरीपर्यंत मुलींच्या गाण्यांत रमते आणि मग पाण्यात विरघळते. म्हणजे येथे मायेला मुदत आहे, निरोपाचा दिवस ठरलेला आहे आणि त्या दिवशी शेजारपाजार गोळा होतो. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजातही जुळ्यांपैकी एक दगावल्यास त्याची लाकडी प्रतिमा कोरून घेण्याची व तिला न्हाऊ-जेवू घालण्याची चाल होती. तेथेही ती मूर्ती एकट्या आईची नव्हती. तिला सबंध समाजाची मान्यता होती.

बाजारातल्या बाळाला ना मुदत, ना निरोप, ना गोतावळा. ते टपालाने येते आणि बंद दाराआड राहते. ते रडत नाही, आजारी पडत नाही, मोठे होत नाही आणि उलटून बोलत नाही. मायेचे सगळे सुख आणि जबाबदारीचा पूर्ण अभाव, असा हा सौदा आहे. त्याची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. या व्यवसायात कारागिराच्या कर्मशाळेला ‘बालसंगोपनगृह’ म्हणतात आणि खरेदीला ‘दत्तक’ म्हणतात. आपल्या देशात खऱ्या बालकाच्या दत्तकविधानासाठी चौकशी व प्रतीक्षा यांतून जावे लागते. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात. तो पवित्र शब्द जेव्हा पावतीपुस्तकावर उतरतो, तेव्हा विकली जाते ती केवळ बाहुली नसते.

घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. पहिल्या भाकरीने जेवढी भूक भागते तेवढी चौथीने भागत नाही. मग दहावी, विसावी बाहुली का विकत घेतली जाते? छंद हे त्याचे एक उत्तर आहे आणि ज्यांच्यापुरते ते खरे आहे त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण काहींच्या बाबतीत मूळ भूकच या भाकरीने भागणारी नसते. न भागणारी भूक हा विक्रेत्याच्या दृष्टीने आदर्श ग्राहक होय. दुःखाचा असा नियमित हप्ता वसूल करणारी व्यवस्था, ती कितीही कलात्मक असली तरी, निरागस म्हणता येणार नाही.

हुबेहूबपणाचाही एक वेगळा धोका आहे. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच असे प्रतिपादिले होते की, कृत्रिम वस्तू मनुष्यासारखी होत गेली तर प्रारंभी ती आपलीशी वाटते, परंतु साम्य जवळजवळ पूर्ण झाले की तिची शिसारी येऊ लागते. पण प्रश्न केवळ शिसारीचा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात बंद मोटारीत निपचित पडलेले ‘अर्भक’ वाचविण्यासाठी पोलिसांनी काच फोडली आणि हाती आली ती बाहुली. ही चूक सत्कारणी होती. जून २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात एका इसमाने चार महिन्यांच्या खऱ्या बालकाला मारले. आपल्याला ती बाहुली वाटली, असे त्याने सांगितले. हा बचाव खरा असो वा खोटा, तो सुचावा, हीच चिंतेची बाब होय.

भंडाऱ्याचा प्रश्न

हा विषय भंडाऱ्याच्या वाचकाला दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. तेथे असलेल्या १७ बालकांपैकी ७ वाचली, १० दगावली. राज्य शासनाने प्रत्येक कुटुंबास ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, चौकशी झाली, देशभर हळहळ व्यक्त झाली. त्या मातांचा आणि बाहुल्यांच्या छंदाचा संबंध जोडणे क्रौर्याचे ठरेल. प्रश्न वेगळाच आहे. ज्या आईचा पाळणा रिकामा राहिला, तिच्या दुःखासाठी आपल्या समाजाने कोणती जागा ठेवली आहे?

उत्तर फारसे अभिमानास्पद नाही. ज्या समाजाने मातीच्या भुलाबाईला गाण्यांनी निरोप देण्याची रीत घातली, त्याने तान्ह्या बाळाच्या मृत्यूसाठी जवळजवळ काहीच राखून ठेवले नाही. दात न आलेल्या बाळाला अग्नी नाही, त्याला मूठमाती मिळते. त्याचे दहावे-तेरावे नाही, श्राद्ध नाही. पुष्कळदा त्याला नावही मिळालेले नसते. ‘देवाने दिले, देवाने नेले’, ‘अजून वय आहे, दुसरे होईल’ एवढ्या दोन वाक्यांत सांत्वन संपते. आईचे दूध आटलेले नसते आणि तिने विसरावे अशी अपेक्षा सुरू झालेली असते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ होता. केरळचा त्याच वर्षी ६ होता. या दोन आकड्यांतील अंतर हे प्रशासनाचे अपयश आहेच. पण त्या सोळांतील प्रत्येक आकड्यामागे एक आई आहे आणि तिची नोंद कोणत्याच तक्त्यात नाही.

हीच ती पोकळी. समाजाने मोकळी सोडलेली जागा बाजार भरून काढतो, हा अर्थव्यवहाराचा जुना नियम आहे. बाहुली विकत घेणाऱ्या स्त्रीला दोष देण्याआधी ती जागा मोकळी कोणी सोडली, हे विचारले पाहिजे. ब्राझीलच्या विधिमंडळांनी बाहुलीवर कायदे करू पाहिले. त्या बाहुलीपर्यंत काही स्त्रियांना आणणाऱ्या दुःखाचा विचार त्या गदारोळात मागे पडला.

करण्याजोगे पुष्कळ आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मृत अपत्य जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच बाळ दगावल्यास ६० दिवसांची विशेष रजा मंजूर केली. निर्णय स्तुत्य आहे. परंतु पवनी-लाखांदूरच्या शिवारात रोवणीला जाणाऱ्या, किंवा घरी विड्या वळणाऱ्या मजूर स्त्रीपर्यंत तो पोहोचत नाही. तिची मजुरी बुडते किंवा ती अशक्त देहाने कामाला जाते. जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यातील ग्रामीण पात्र मातेला संस्थेतील प्रसूतीसाठी ७०० रुपये मिळतात, हे त्या बाहुलीच्या किमतीशेजारी ठेवून पाहावे. दुसरे असे की, नवजात बालकाच्या घरी आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्याव्यात, अशी व्यवस्था आहे. या भेटींचा केंद्रबिंदू बाळ आहे. बाळ दगावले तरी त्या सहाही भेटी आईसाठी चालू राहाव्यात आणि कार्यकर्तीला त्याचे प्रशिक्षण व मानधन मिळावे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर ठळक मराठीत लिहिण्यास फारसा खर्च येणार नाही. आणि शिशू कक्षांची अग्निसुरक्षा तपासणी कागदावर नव्हे, प्रत्यक्षात आणि नियमितपणे व्हावी, हे तर सांगण्याचीही वेळ येऊ नये.

या बाहुल्यांविषयी मनात संमिश्र भावना उमटणे स्वाभाविकच आहे. कारागिरीचे कौतुक वाटते, एकाकी मनाला मिळणाऱ्या विसाव्याचा हेवाही वाटावा. आणि तरीही दुःखाचा सौदा होताना पाहून मन अस्वस्थ होते. या दोन्ही भावना खऱ्या आहेत, त्यांपैकी एकीला दाबून टाकण्याची आवश्यकता नाही. ज्याला छंद करावयाचा आहे त्याने तो खुशाल करावा. पण ज्या आईला बाहुली नको आहे, आपल्या गेलेल्या बाळाविषयी दोन शब्द बोलता यावेत एवढेच हवे आहे, तिला ते बोलण्यास शेजारीण, सुटीचे चार दिवस आणि शासनाची एक कार्यकर्ती मिळालीच पाहिजे. एवढे झाले तर बाजारातले ते बाळ पुन्हा एक बाहुली होईल, आणि बाहुली म्हणून कोणाला त्याची अडचण वाटणार नाही.