गाडीचं मोडलेलं हाड



ह्या खेपेला औषधपाण्याचं न लिहिता लोखंडाचं लिहिते. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं बांधकाम, बागकाम, प्लंबिंग अशा धंद्यांत आहेत आणि दारात पिकअप उभी असते. माझा एक भाचाही त्यातलाच. त्याची गाडी एमओटीत नापास झाली. मागच्या पाट्यांचा जो हँगर चासीला बसवलेला असतो, त्याच्या बोल्टाजवळ चासीला तडा गेला होता. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "वरून पत्रा मारतो, काळा रंग फासतो, संध्याकाळी घेऊन जा." स्वस्तात काम! पण ते वरून कीर्तन आतून तमाशा झालं असतं. म्हणून चार जाणकारांना विचारून, वाचून हे लिहिते आहे.

आधी गंज का येतो ते बघा. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात. चेशरमधल्या विन्सफर्डला १८४४ सालापासून मिठाची खाण आहे. सुमारे दीडशे मीटर खोलीवरून ते काढतात. हे मीठ चिखलाबरोबर चासीच्या पोकळीत जाऊन बसतं. आपल्याकडे म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. गंजाचं उलटं. तो मुंगीच्या पावलाने येतो आणि एक दिवस हत्तीसारखा कोसळतो. २०१६ साली निसान नवाराच्या जुन्या मॉडेलच्या चासी गंजून मोडल्याच्या तक्रारी बीबीसीच्या 'वॉचडॉग'ने दाखवल्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत टोयोटाला चासीच्या गंजापायी सुमारे १५ लाख गाड्यांच्या मालकांशी कोर्टात तडजोड करावी लागली. म्हणजे हा रोग एका कंपनीचा नव्हे.

आता तड्याचं. फार चालणाऱ्या माणसाच्या पायाच्या हाडाला न पडताच बारीक चीर जाते, ती मी वॉर्डात पुष्कळदा पाहिली आहे. लोखंडाचंही तसंच. प्रत्येक खड्ड्यात पाटे वर-खाली होतात आणि सगळा जोर हँगरच्या भोकापाशी येतो. बुश झिजलेले असले, बोल्ट सैल असला किंवा माल जास्त भरला की तिथे हातोडे बसल्यासारखं होतं. म्हणून नुसता तडा बुजवून भागत नाही, कारण शोधावं लागतं. नाहीतर वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा येतो.

नीट काम असं होतं. गाडीला जॅक नव्हे, भक्कम स्टँड लावून पाट्यांवरचा भार काढायचा. बॅटरी सोडायची, जवळच्या ब्रेकच्या आणि पेट्रोल-डिझेलच्या नळ्या बाजूला करायच्या. रंग, गंज सगळा घासून लोखंड चकचकीत करायचं आणि हातोडीने ठोकून बघायचं. पत्रा पातळ झाला असेल तर तेवढा तुकडाच कापून नवा घालायचा, कारण कुजलेल्या मांसाला टाका धरत नाही. लोखंड चांगलं असेल तर तड्याचं टोक शोधून तिथे ३ ते ५ मिलिमीटरचं भोक पाडतात. टोक अणकुचीदार असतं म्हणून तडा पुढे सरकतो. गोल भोकाने जोर विभागला जातो. मग तड्यावर इंग्रजी व्हीसारखी खाच करून तळापर्यंत वेल्ड भरतात, सपाट करतात आणि वरून जाड पट्टी लावतात. पट्टीची टोकं निमुळती हवीत. चासीवर सरळ आडवी रेघ ओढल्यासारखं वेल्ड केलं की पुढे तिथेच मोडतं. शेवटी रंग, आणि पोकळीत मेण. काही कंपन्या आपल्या चासीवर वेल्डिंग करूच देत नाहीत, म्हणून गाडीचं मॅन्युअल आधी बघावं.

एमओटीचा नियमही माहीत असू द्या. सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत चासी गंजून कमकुवत झाली तर गाडी नापास. दुरुस्तीचं वेल्डिंग अखंड हवं, ठिपके ठिपके चालत नाहीत. फायबर, लांबी वगैरे तर मुळीच नाही. मे २०१८ पासून दोष 'डेंजरस' असा लिहिला असेल तर ती गाडी रस्त्यावर चालवायची नसते, गॅरेजपर्यंतसुद्धा.

आणि आता थोडं नर्सचं, राहवत नाही म्हणून! वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्याने पाहिला की काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला तर धुराने थंडी-ताप भरतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो. पण साध्या लोखंडाच्या वेल्डिंगच्या धुरानेही फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, हे इथल्या एचएसईने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट बजावलं. आत काम करताना धूर ओढून घेणारं यंत्र हवंच. नेहमी हे काम करणाऱ्यांनी न्यूमोनियाच्या लशीबद्दल जीपीला विचारावं. इथे वेल्डरना ती देण्याची शिफारस आहे.

भाच्याने शेवटी जरा जास्त पैसे मोजले आणि वेल्डिंगचे फोटो मागून घेतले, रंग लावायच्या आधीचे. तुम्हीही तसेच मागा. जो गॅरेजवाला आनंदाने दाखवतो, त्याच्याकडे काम द्या. पैसे वाचवणं चांगलं, पण मोटरवेवर आपल्या मागून येणाऱ्या गाडीतही कोणाची तरी लेकरं बसलेली असतात. हिवाळा संपला की चासी खालून साध्या पाण्याने धुवा, विशेषतः पोकळ्यांतून. एवढं केलंत तरी पुष्कळ.