दरवाजा हलण्याआधीची अट

भर पावसाळ्यात नर्मदेवरच्या बरगी धरणाचे दरवाजे उघडले की खाली जबलपूरजवळच्या भेडाघाटचा धुआंधार धबधबा पुरात बुडून जातो आणि पंचवटी घाटावरच्या नावा बंद होतात. त्या धरणाला 21 दरवाजे आहेत. असे दरवाजे संगणकाच्या हुकमाने हलवायचे, तर तो प्रोग्राम बिनचूक आहे हे कशावरून मानायचे? ‘चाचण्या घेतल्या’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. पण दरवाजा एकतर उघडा नाहीतर बंद, एवढेच धरले तरी 20,97,152 स्थिती होतात. त्यात अर्धवट उघडलेले दरवाजे आणि बिघडलेला पातळीमापक आला, की मोजदादच खुंटते. गणिताने हेच काम वेगळ्या रीतीने होते. ‘भोंगा वाजून ठरलेला वेळ गेल्याशिवाय एकही दरवाजा उचलला जाणार नाही’ ही अट सुरुवातीला खरी आहे आणि प्रोग्रामच्या प्रत्येक पावलानंतर खरीच राहते, एवढे सिद्ध करायचे. कॉलेजात शिकवतात ते गणिती विगमनच हे. मग लाखो स्थिती एकेक करून तपासाव्या लागत नाहीत.

हे महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. धुआंधारवरच्या रोपवेची तिकीटविक्री कोणी सिद्ध करत बसू नये. तिथल्या ब्रेकची गोष्ट वेगळी. पॅरिस मेट्रोची चालकाविना धावणारी 14 क्रमांकाची मार्गिका 1998 मध्ये सुरू झाली, ती सुरक्षेचे सॉफ्टवेअर ‘बी’ नावाच्या गणिती पद्धतीने सिद्ध करून घेऊनच. आपल्याकडेही मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे केंद्र उभे राहिले, पुण्यात टीसीएसच्या संशोधकांनी ‘व्हेरिॲब्स’ हे प्रोग्राम पडताळण्याचे साधन घडवले. विद्या घरात आहे, गिऱ्हाईक तेवढे दारात येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावास्येच्या मेळ्यासाठी जमलेल्यांपैकी साठच्या वर लोकांना नर्मदेवरच्याच इंदिरासागर धरणातून सोडलेल्या पाण्याने ओढून नेले. खाली नदीत माणसे आहेत, हे पाणी सोडण्याच्या हिशेबातच धरलेले नव्हते. अशा ठिकाणी निर्दोष प्रोग्रामनेही तेच पाणी सोडले असते, कारण सिद्धता होते ती लिहिलेल्या अटीची. हे मान्यच करायला हवे. फरक इतकाच, की चाचणीच्या अहवालात अपुरी अट झाकून जाते, सिद्धतेसाठी मात्र ती आधी कागदावर उतरवावी लागते, आणि कागदावर आलेली अट अभियंत्याखेरीज इतरांनाही वाचता येते. म्हणून असे काम देण्याआधी अटींचा मसुदा साध्या हिंदीत भेडाघाटच्या नगर परिषदेत लावावा. पंचवटीचा एखादा नावाडी पहिल्याच ओळीला अडवील: बरगीचा भोंगा इथवर ऐकू येतो का?