अर्जाला पैसे, उत्तराला मौन

बडोद्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांतली मुले एमबीबीएस होऊन अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी अर्ज करतात. परीक्षेत गुण चांगले पडले की पुढचे सारे नियमाने होईल, अशी घरच्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

शेवटची निवड नियमाने होते. उमेदवार आणि रुग्णालये आपापला पसंतीक्रम देतात व संगणक मार्चमध्ये जोड्या जुळवतो. १९९८ पासून या पद्धतीत उमेदवाराच्या पसंतीला अग्रक्रम आहे. ती सुधारणारे ॲल्विन रॉथ २०१२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. पण ज्याची मुलाखतच झाली नाही, त्याला रुग्णालय आपल्या यादीत घालणार कसे? खरी चाळणी मुलाखतीआधीच लागते, आणि ती कोणी कशी लावावी याला बंधन नाही.

आता हिशेब पाहा. २०२४-२५ च्या हंगामात एका शाखेतल्या पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० डॉलर असा दर होता. शंभर ठिकाणी अर्ज केले, तर २,४३० डॉलर. म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. परीक्षांची फी वेगळीच. बाजारात माल जास्त घेतला तर भाव उतरतो, इथे चढतो!

चढता दर अर्जांचा पूर आवरण्यासाठी आहे, असे समर्थन केले जाते. पण परदेशी उमेदवारांपैकी शंभरात साठांनाही जागा मिळत नाही, तिथे घाबरलेला मुलगा हात आखडेल कसा? ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो शंभर अर्ज करतो, नसलेला तीसवर थांबतो. फीमुळे भीती आटोक्यात येत नाही, फक्त गरीब मागे राहतो. आणि सगळ्यांनीच शंभर अर्ज केले, तर जागा एकही वाढत नाही. वाढतो तो खर्च.

एवढे देऊन अनेक ठिकाणांहून साधा नकारही येत नाही. मुलाखतीच्या वेळा आधी येईल त्याला मिळतात, तिथे आपली मुले रात्र रात्र फोन उशाशी घेऊन बसतात, कारण तिथला दिवस ही आपली रात्र.

म्हणून मागणी सरळ आहे. अर्जांच्या संख्येवर सर्वांना सारखी मर्यादा घाला. व्हिसा आणि पदवीच्या वर्षाची अट पैसे घेण्याआधी ठळक सांगा. ठरलेल्या तारखेपर्यंत होय किंवा नाही कळवा.

इथून आपला आवाज तिथवर पोहोचणार नाही. पण आपलेच कितीतरी डॉक्टर आज तिथल्या रुग्णालयांत निवड करणाऱ्यांच्या खुर्चीवर आहेत. उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने त्यांना एकत्र करून हा विषय लावून धरावा. आपल्या मंडळाने तसे पत्र येत्या बैठकीतच मंजूर करावे. सप्टेंबरमध्ये पुन्हा अर्ज सुरू होतील, तेव्हा उशीर झालेला असेल.