हिशोबाची वही कॉम्प्युटरात गेली, पण तिची काळजी कोण घेणार?

पूर्वी घरोघरी जमाखर्चाची एक जाडजूड वही असे. ती कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी राही आणि बदली झाली की ट्रंकेत सर्वांत आधी जाई. आता पुष्कळ घरांत तिची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. कुणी एक्सेलमध्ये तक्ता मांडतो, कुणी ग्नूकॅश किंवा क्विकनसारखा प्रोग्रॅम वापरतो. दुधाच्या बिलापासून म्युच्युअल फंडापर्यंत सगळे त्यात असते. पण ती फाइल नेमकी कुठे आहे, हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असते. कधी कधी त्यालाही नसते!

ही फाइल म्हणजे नुसता किराणा-भाजीचा हिशोब नव्हे. घर विकायची वेळ आली, की ते केव्हा, केवढ्याला घेतले आणि वाढीव बांधकामावर कधी, किती खर्च झाला, हे आयकराच्या हिशोबाला लागते. घर वारशाने आलेले असेल, तर साधारणपणे आधीच्या मालकाने मोजलेली किंमत धरली जाते. म्हणजे वडिलांनी आज टिपलेला आकडा मुलांना वीस वर्षांनीही लागू शकतो. ठेवींचेही तसेच. बँकेत दहा वर्षे कुणी दावा न केलेल्या ठेवींची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे नाव शोधता येते. पण कोणत्या बँकेत काय आहे याची यादी घरीच असेल, तर ती वेळच येत नाही.

नक्कल कशी काढाल?

पहिला नियम : आधी प्रोग्रॅम बंद करा, मग फाइलची नक्कल काढा. प्रोग्रॅम चालू असताना फाइलमध्ये लिहिणे चालू असू शकते आणि अर्धवट नक्कल हाती येते. ग्नूकॅशमध्ये हिशोब उघडा असला, की मूळ फाइलशेजारी ‘एलसीके’ या अक्षरांनी संपणारी एक छोटी फाइल दिसते. ते कुलूप समजा. ते दिसत असेल तोवर थांबा. प्रोग्रॅममध्येच ‘बॅकअप’ची सोय असेल, तर तीच वापरणे उत्तम.

नकलेच्या नावात तारीख घाला, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. मग फाइली नावाप्रमाणे लावल्या, की तारखांचा क्रम आपोआप लागतो. दर वेळी जुन्या नकलेवरच नवी चढवू नका. मूळ फाइलच बिघडलेली असेल, तर त्या बिघाडाने चांगली नक्कलही पुसली जाईल.

नकला किती असाव्यात? जाणकार ‘तीन-दोन-एक’ हे सूत्र सांगतात. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. उदाहरणार्थ, एक प्रत कॉम्प्युटरात, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर जोडलेल्या पेनड्राइव्हवरच्या फाइलीही तो कुलूपबंद करतो. पेनड्राइव्ह काढतानाही खेचून न काढता आधी ‘इजेक्ट’ करा. तो वर्षानुवर्षे नुसता कपाटात पडून राहिला, तर त्यावरचा मजकूर खराब होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा तरी त्यावर ताजी प्रत घ्या.

नव्या कॉम्प्युटरवर नेताना

प्रथम जुन्या कॉम्प्युटरवर सर्व खात्यांची शिल्लक कागदावर उतरवून घ्या. मग नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडा आणि ताळा करा. प्रत्येक खात्याची शिल्लक जुळते का? शेवटची नोंद तीच आहे का? सर्वांत जुने वर्ष उघडते का? तिन्ही प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर मिळेपर्यंत जुन्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसू नका. जी नक्कल कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

त्यानंतर नोंदी एकाच ठिकाणी करा. नागपूरला वडील आणि बंगळूरला मुलगी, दोघांनी आपापल्या प्रतीत नोंदी करायला घेतल्या, तर चार दिवसांत दोन वेगळे हिशोब तयार होतील आणि ते जुळवता जुळवता दोघांच्या नाकीनऊ येतील.

जुना कॉम्प्युटर विकताना किंवा कुणाला देताना फाइल नुसती ‘डिलीट’ करून भागत नाही. ती परत काढता येऊ शकते. डिस्क पूर्ण पुसून घ्या किंवा काढून घरी ठेवा.

प्रोग्रॅमच बंद पडला तर?

‘मायक्रोसॉफ्ट मनी’ हा घरगुती हिशोबाचा प्रोग्रॅम १९९१ पासून चालत आलेला. कंपनीने २००९ मध्ये त्याची विक्री थांबवली. लोकांना आपल्या जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून २०१० मध्ये एक शेवटची मोफत आवृत्ती दिली, एवढेच. कंपनी मोठी असली, म्हणून तिचा प्रोग्रॅम कायम राहील असे नाही. म्हणून वर्षातून एकदा सर्व नोंदी ‘सीएसव्ही’ या साध्या स्वरूपात काढून ठेवा. ती फाइल एक्सेलमध्येच काय, कोणत्याही साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्येही उघडते. शिवाय खाती, ठेवी, विमा आणि कर्जे यांची दोन पानी यादी छापून ठेवली, तर वीज गेली तरी ती वाचता येते.

राहिला पासवर्ड. पेनड्राइव्ह हरवू शकतो, म्हणून त्यावरची प्रत पासवर्ड घालूनच ठेवावी. मात्र तो पासवर्ड त्याच पेनड्राइव्हवर लिहू नये आणि एकट्याच्या डोक्यातही ठेवू नये. बंद पाकिटात लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि पाकीट कुठे आहे, हे पत्नीला, पतीला किंवा जाणत्या मुलाला सांगून ठेवा.

आणि हे सगळे कधी करायचे? ३१ मार्च हा आपला आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. २०११ पासून जगभर हाच दिवस ‘बॅकअप दिन’ म्हणूनही पाळला जातो. तेव्हा हिशोब मिटवला, की लगेच नक्कल काढा. त्या दिवशी एक काम मात्र आवर्जून करा : नेहमी हिशोब लिहिणाऱ्याने बाजूला बसावे आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ती नक्कल उघडायला सांगावी. त्यांना जमले नाही, तर कुठे अडते ते तेव्हाच कळेल आणि सांगणारा माणूसही शेजारीच असेल.